नावाडीण अजून जिवंत आहे

सोमवार, तारीख नऊ
(तारीख शिंपीणबाईनं घातली. माझ्या मते पत्र पोचेल तोच त्याचा दिवस.)

चिरंजीव खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे लिफाफा फोडल्यावर तुझा गोंधळ उडायला नको. मी तुझ्या आईची आई. बुटकी, डाव्या गालावर इस्त्रीचा जुना डाग, वय अठ्ठ्याहत्तर. लाँड्रीच्या वरच्या खोलीत पहिली अकरा वर्षं तू जिच्या पोटाला पाय लावून झोपलीस, ती. आठवलं तर बरं, नाही आठवलं तर आईला विचार. एवढ्या मोठ्या जगाला गोष्टी सांगायच्या म्हणजे दोन-चार माणसं डोक्यातून गळणारच. शाळेत असताना डबा विसरायचीस, आता आजी. डबा निदान मी मागून धावत आणून द्यायचे.

पत्र शिंपीणबाई लिहिते आहे. खालच्या गाळ्यात मशीन टाकून बसते तीच. तिला ताकीद दिली आहे, बोलेन ते लिहायचं, गोड करायचं नाही. मागे तुझ्या आईला पत्र घातलं तेव्हा हिनं शेवटी आपल्या मनानं 'तुझी प्रेमळ आई' असं लिहिलं. तुझ्या आईनं घाबरून फोन केला, आजीला झालंय तरी काय म्हणून.

इकडे सगळं ठीक. छाती ठीक. जिना दिवसातून दोनदा चढते, एकदा कामासाठी आणि एकदा डॉक्टरला सांगता यावं म्हणून. तू पाठवलेली तिन्ही पार्सलं पोचली. त्यांच्याबद्दल शेवटी बोलेन.

आता कामाचं. चार महिन्यांपूर्वी तू तुमच्या टीव्हीवरच्या खेळाची पुरवणी, म्हणजे पुढचा नवा भाग, पाठवलीस, सोबत चिठ्ठी, 'आजी, खेळून बघ. चांगलं काय, वाईट काय, मोकळेपणी सांग.' त्यानंतर तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा घाईत, आणि तिन्ही वेळा विचारलंस, "संपला का गं?" मी म्हटलं, नाही. चौथा फोन आलाच नाही. आता आईच्या फोनवर मागून कुठून तरी 'बरी आहे ना ती' एवढं ऐकू येतं. मी भिंतीवरचं घड्याळ असल्यासारखं.

तर ऐक. खेळ संपलेला नाही. मी तो संपवणारही नाही. का, ते सांगते, पण माझ्या क्रमानं. मोकळेपणी हा शब्द तुझा आहे, आता माघार नाही.

आधी चांगलं. पुरवणीतली पाणथळ फार छान केली आहेस. मूळच्या खेळात आठ वर्षं माझी पोरगी, मी बटणं दाबून पळवते ती, काळ्या दगडांवरून आणि हाडांवरून पळत होती, डोळे शिणले. इथे पाणी आहे, लव्हाळी आहे, आणि सकाळी त्या पाण्यावर जो उजेड पडतो तो खरा आहे, धुण्याच्या हौदावर पडायचा तसा. आणि पोरगी दमते. फार पळाली की दगडावर बसते, गुडघे चोळते. हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल तर त्याला माझा आशीर्वाद सांग. पहिल्या खेळात ती न दमता राक्षस मारायची, मला तिचा संशय यायचा. खानावळीतली स्वयंपाकीण आणि दारावरचा पहारेकरी रोज वेगळं भांडतात, तेही आवडलं. "तुझ्या रश्शात तोंड दिसतं," तो म्हणतो. "म्हणून तर कोणी पीत नाही," ती म्हणते. मी चिखलराक्षस सोडून त्यांच्यापाशी उभी राहते.

पोरीचं नाव शिंपीणबाईनं परवा पहिल्यांदा वाचलं. पोट धरून हसली. खेळ पहिल्यांदा लावला तेव्हा मी दिसायला बरी म्हणून अक्षरं दाबली होती, तर तिचं नाव म्हणे 'ळठळ' आहे. असू दे. मला ती दोरीच्या दोन वेटोळ्यांत बटण ठेवल्यासारखी दिसली. आठ वर्षांत तिनं तक्रार केलेली नाही.

आता वाईट. शिंपीणबाई म्हणते, जुन्या झग्याला खालून पट्टी जोडली की शिवण दिसते, तसं झालंय. वरच्या कापडाचा रंग उडालेला, पट्टी कोरी. डोंगरातून पाणथळीत उतरलं की माझ्या पोरीचे जुने कपडे एकदम कळकट वाटायला लागतात आणि तिथली सगळी माणसं तिला नवी समजून बोलतात. अगं, तिनं आख्खं राज्य वाचवलंय, आणि हा मासेवाला विचारतो, "भाला धरता येतो का?"

दुसरं. गावात दोऱ्यांवर कपडे वाळत आहेत. मला बरं वाटलं, म्हटलं पोरीला आजीचं काम आठवलं. पण पाऊस येतो आणि ते कपडे काढायला कोणी येत नाही. चार महिने त्याच चादरी तिथेच भिजताहेत. मी जवळ जाऊन सगळी बटणं दाबली, काढता येत नाहीत. आणि सदरे खांद्याला चिमटे लावून टांगलेत. खांद्याला. एकतीस वर्षं मी लाँड्रीत काढली, आणि माझ्या नातीच्या गावात सदरे खांद्यावर वाळतात. पिशवीत मोडक्या ऐंशी तलवारी मावतात पण चादरींचं एक बोचकं उचलता येत नाही, हा कुठला न्याय?

तिसरं मोठं आहे. पहिल्या खेळात माणसं बोलायची. जे काही होतं ते तोंडानं सांगायची, म्हणून तर मी खेळू शकले. कुठलं बटण कशाचं ते मी लाँड्रीतल्यासारखं खुणेवरून ध्यानात धरलं होतं. तुला ठाऊक आहे, मला एक अक्षर येत नव्हतं, तरी हजार चादरींतली कोणाची कुठली ते सांगायचे. हॉटेलची लाल फुली, दवाखान्याच्या दोन निळ्या रेघा, वसतिगृहाचं पिवळं टिंब. खेळातही तसंच, आखूड दिसलं की 'हो', जरा लांब दिसलं की 'नको'. पुरवणीत तुम्ही काय केलंत? जागोजागी चिठ्ठ्या, पाट्या, फलक, आणि कोणी वाचून दाखवत नाही. मी लोहाराकडे गेले, आखूड दिसलं ते दाबलं. ते 'हो' नव्हतं, 'विका' होतं. माझी अंगभर चिलखत घातलेली पोरगी आतल्या कपड्यांवर दुकानाबाहेर आली, काखेत एक बदक. तेही त्या लोहारानंच गळ्यात मारलं. बदक अजून आहे, गुणी आहे.

त्या दिवसापासून शिंपीणबाईला वर बोलावते. ती तोंडात टाचण्या धरून वाचते, त्यामुळे पाणथळीतले सगळे राक्षस दात आवळून बोलतात.

आज एवढंच. हिचं गिऱ्हाईक आलंय, बाही छोटी झाली म्हणून खाली ओरडतंय.

बुधवार, तारीख अकरा

परवाचं वाचून दाखव म्हटलं. हिनं वाचलं आणि म्हणाली, "मावशी, बदक झालं, सदरे झाले, नावाडणीचं कधी सांगणार? पेनातली शाई संपेल."

मी म्हटलं, "तुला घाई आहे का?"

"मला नाही. तुम्हालाच आहे. सकाळपासून दोनदा चहा केलात आणि दोन्ही वेळा साखर विसरलात."

बरं. नावाडीण.

काठावर एक म्हातारी बसलेली असते. बुटकी. डोक्याला रुमाल, गाठ मागे नाही, कानावर. गालावर डाग. डाग तू उजव्या गालावर घातलास, म्हणजे मी ओळखणार नाही असं तुला वाटलं. वेडे, मी स्वतःला आरशातच बघते. समोर बसलेली ती मला जशी दिसते, तशीच मी मला रोज दिसते.

ती पोरीला वल्हवायला शिकवते. तीन धडे. "खांद्यानं ओढू नकोस, पायांवर उभी राहा, जोर खालून येतो." हे मी तुला इस्त्री हातात देताना सांगितलं होतं, तू सात वर्षांची होतीस, स्टुलावर उभी. पहिल्या धड्याला मला हसू आलं. दुसऱ्याला मी शिंपीणबाईला म्हटलं, बघ, माझी नात काही विसरत नाही. परवाच्या पानावर मी तुला विसराळू म्हटलंय ते चेष्टेनं. तू विसरली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

तिसरा धडा झाला की म्हातारी म्हणते, "हे वल्हं आता तुझं." मी घेतलं. शिकवलं आणि दिलं, घेऊ नये तर काय करावं? ती काठावर बसली आणि खोकली. तीन तुटके, एक लांब, आणि मग श्वास आत घेताना ते बारीक 'हं'.

शिंपीणबाईच्या तोंडातली टाचणी पडली. खालच्या गाळ्यातून तिनं सबंध थंडीभर तो ऐकलाय. तिला सांगावं लागलं नाही कोणाचा आहे.

मग म्हातारी आडवी झाली. संगीत वाजलं. माझी पोरगी होडीत बसून पलीकडे निघाली.

मी खेळाचं मशीन बंद केलं.

गेल्या वर्षी एकोणीस दिवस मी दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं. तुझी आई रजा काढून उशाशी बसली. तुला येता आलं नाही, पुरवणीचं काम शेवटाला आलं होतं. ते मला तेव्हाही चाललं. काम म्हणजे काम, चादरी बाराला द्यायच्या म्हटल्या की मीही कोणाच्या लग्नाला गेले नाही. तू रोज संध्याकाळी पाचला फोन करायचीस. "आजी, फोन कानाला नको, तोंडाजवळ धर. खोक बघू जरा, कफ सुटला का ते कळेल." नर्स म्हणायची, नात बघा किती काळजी करते. मीही फुशारकी मारायचे. पाच वाजले की उशी मागे घेऊन ताठ बसायचे आणि पोटभर खोकायचे. दोन वेळा तर खोकला येत नव्हता तरी खोकले, तुला बरं वाटावं म्हणून.

त्यांतलाच एखादा तू वापरलायस का, एवढं मला कळलं नाही. खोटा खोकला घेतला असशील तर फसलीस.

मी रागावलेले नाही.

शिंपीणबाईनं लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. बरं, लिही. रागावले आहे. पण खोकल्यावरून नाही. खोकला घे, मला त्याचं काय लोणचं घालायचंय? तू आली नाहीस त्यावरूनही नाही. तू तो का ठेवून घेतलास ते मला कळतं. तुझा पहिला पडलेला दात मीही बटणांच्या डब्यात ठेवला आहे, बत्तीस वर्षं झाली. पण दात ठेवला म्हणून मी तुझं तोंड बघायचं सोडलं नाही.

राग याचा आहे. त्या एकोणीस दिवसांत तिकडे बसून तू मला पोचवून आलीस. नीट, संगीत लावून, काठावर. रडून घेतलंस, डोळे पुसलेस, आवरून टाकलंस. आणि मी विसाव्या दिवशी घरी आले. काय करणार, आले. आता तुझ्याकडे मला ठेवायला जागाच उरलेली नाही. म्हणून फोन नाही. म्हणून 'खेळ संपला का' विचारत होतीस, म्हणजे मी तुझ्या म्हाताऱ्या बाईला मेलेली बघावं आणि आपल्या दोघींत बोलायचं काही उरू नये.

शिंपीणबाईनं लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले. सगळ्यांना तोच प्रसंग आवडलाय. 'नावाडीण गेली तेव्हा ढसाढसा रडलो.' तुला त्याच्यावर बक्षीसही मिळालं म्हणे, आईनं सांगितलं. छान. पण रडले म्हणजे चांगलं झालं असं नाही. कांदा चिरतानाही रडतात.

म्हातारी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिंपीणबाईला म्हटलं, ती जिवंत होती त्या मागच्या खुणेवर खेळ परत ने. तिनं नेलं. नावाडीण काठावर बसलेली. "हे वल्हं आता तुझं." मी 'नको' दाबलं. ती म्हणाली, "लाजू नकोस." नको. "माझे दिवस भरले." नको. अकरा वेळा ती वेगवेगळं बोलली, बाराव्यापासून तेच तेच. तू वाटच ठेवली नाहीस. पण हाकलायची सोयही ठेवली नाहीस, तिथे चुकलीस.

तेव्हापासून मी अलीकडेच आहे. अलीकडे करण्यासारखं पुष्कळ आहे, तुला माहीत नसेल, तुझे खेळणारे सगळे घाईनं पलीकडे जातात. दोनशे मासे पकडले. स्वयंपाकिणीचं छप्पर शाकारलं. बदक पोसलं. चिलखत परत मिळवलं, एक एक तुकडा करत, आणि त्या लोहाराच्या दुकानात आता मुद्दाम ओल्या पायांनी फिरते. रोज सकाळी चहा झाला की नावाडणीकडे जाते. ती वल्हं पुढे करते. मी म्हणते, नको. माझा अंगठा दुखतो, तुझी नावाडीण थकत नाही, मीही थकत नाही. चार महिने झाले, ती जिवंत आहे. सगळ्या जगात तिला मेलेली बघितलेली माणसं आहेत, आणि एका खोलीत ती जिवंत आहे.

आता तू मागितलेलं मत. पुरवणीतलं सगळ्यात मोठं वैगुण्य हे, की शिकवणारी मेल्याशिवाय शिकणारीला पलीकडे जाता येत नाही. हे तुला कोणी शिकवलं? मी नाही. चादरीची घडी कशी घालायची ते आठव. तू दोन टोकं धरायचीस, मी दोन. ताण द्यायचा, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं. तू शिकलीस म्हणून मी माझी टोकं सोडली का? सोडली असती तर चादर चिखलात पडली असती. तू इकडून गेल्यापासून मी मोठ्या चादरी दाराच्या कडीत अडकवून एकटीनं घडी घालते. होते. पण वाकडी होते.

दर महिन्याला तुम्ही खेळाची दुरुस्ती पाठवता ना, सकाळी उठून बघावं तर मशीन अर्धा तास तेच करत बसतं. तसल्या एका दुरुस्तीत एवढं कर. गावात सुतार आहे, दिवसभर नुसता रंधा हातात धरून उभा असतो, त्याला काम दे. त्याच्याकडून दुसरं वल्हं करून घे. पोरीनं आपलं घेऊन जावं, म्हातारीनं आपलं ठेवावं आणि काठावर बसून ओरडावं, "डावीकडे घे, डावीकडे, तुला दिसत नाही का?" तुझे साहेब म्हणतील, मग लोक रडणार नाहीत. नको रडू देत. आणि कपडे काढता येऊ देत पावसात.

मी मरायची तेव्हा मरेन. ते तुझ्या कामाच्या तारखेला धरून होणार नाही आणि त्याला संगीत नसेल. तोवर मी आहे. कोणी माझं आवरून ठेवलं असेल तर त्यानं ते परत पसरावं.

शिंपीणबाई विचारते, शेवटी 'तुझी' पुढे काय लिहू. तिला म्हटलं, काही नको, सुई दे. कागदाच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची गाठ मारली आहे. तुझ्या शाळेच्या कपड्यांवर असायची तीच. एकतीस वर्षांत ती खूण मी दुसऱ्या कोणाच्या कपड्याला घातली नाही.

तुझी

ता. क. पार्सलांचं राहिलं. तिन्हींत सगळं मऊ. पाण्यात विरघळणारी बिस्किटं, भुकटीचं सूप, तान्ह्या पोरांची पेज. सूप शिंपीणबाईच्या मांजराला दिलं, तेही वास घेऊन उठून गेलं. माझे स्वतःचे एकवीस दात शाबूत आहेत. तेव्हा असलं काही पुन्हा नको. अक्रोड पाठव. सोललेले नाही, कवचासकट, दोन किलो. फोडायचा चिमटा इकडे नाही. तू जाताना तो आठवण म्हणून बॅगेत घालून नेलास, हे मी तेव्हाच बघितलं होतं. तो पार्सलात घालू नकोस, टपालात हरवेल. हातात धरून आण.